पाहिजेत : दोन घाबरलेली माणसं

धुळे
६ जानेवारी २०२५

ती. तोतारामभाऊ यांस,
लीलाधरचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमन दारात बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. पोलिसांनी माझा मोबाईल नेला, म्हणून पोस्टाची आठवण झाली.

शुक्रवारी सकाळी चौघं आले. मोबाईल घेतला, कॉम्प्युटर घेतला. मग एक साहेब माझ्या वह्या चाळायला बसले. पाड्यावरच्या बायकांकडून मी पावरी गाणी लिहून घेतो, त्या वह्या.

"ही भाषा कुठली?"
"पावरी."
"अर्थ लागत नाही."
"पावरी येत नसेल तर नाही लागणार."
"म्हणजे लपवून लिहिलंय."

सगळ्या वह्या गेल्या. त्यात लग्नात नवरदेवाला द्यायच्या शिव्या आहेत. भाषांतर झालं की साहेबांना कळेलच.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बागेत केळी कापायला येणारा रायसिंग. पोळ्यानंतर त्याला "जरा चौकशी आहे" म्हणून जीपमध्ये बसवलं, तो अजून घरी आलेला नाही. नेलं त्याचा कागद नाही, सोडलं त्याचाही नाही. त्याची बायको माझ्याकडे आली, तेव्हापासून दर शनिवारी मी इथल्या सरकारी कचेरीसमोर पुठ्ठा धरून उभा राहतो. पुठ्ठ्यावर एकच ओळ : रायसिंग कुठे आहे? घोषणा नाही, भाषण नाही. तासभर उभा राहतो, मग येताना भाजी घेऊन घरी. आता आणखी चारपाच जण येतात. त्यातल्या दोघांना भाजी मी सुचवतो.

आईला यातलं काही सांगू नका. कामिनी ठीक आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
लीलाधर


चिंचोरे, ता. यावल
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. लीलाधर यास,
तोतारामचे आशीर्वाद. तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, घेतला असं समज.

तुझ्या पाकिटाला दोनदा डिंक लावलेला होता. एकदा तू लावलास. दुसऱ्यांदा कुणी लावला ते देवाला माहीत, पण तुझ्यापेक्षा बरा लावला होता.

काकूला मी सांगितलं की तुझा मोबाईल बिघडला. ती म्हणे, "बिघडला तं नवा घे म्हना. मास्तरले पगार कायचा देता मंग?" रोज संध्याकाळी माझ्या मोबाईलकडे बघत बसते. मी तो आता उलटा ठेवतो.

तू शिकलेला, मी गावच्या शाळेतला. तरी थोरला चुलतभाऊ म्हणून एक सुचवतो. शनिवारऐवजी रविवारी उभा राहिलास तर? रविवारी कचेरी बंद असते. तुझंही काम होईल आणि कुणाला त्रासही होणार नाही.

माझी अडचण समजून घे. मी गावचा पोलीस पाटील. गावात काय चाललं ते ठाण्याला कळवायचं, हे माझं काम. इतकी वर्षं कळवत आलो : गाय हरवली, गाय सापडली. रायसिंगचं कळवायचं ठरवलं, तर कुणाला कळवू? ज्यांना कळवायचं तेच त्याला घेऊन गेले. एकदा ठाण्यात सहज विषय काढला. साहेब म्हणाले, "पाटील, केळीचा भाव काय चाललाय?" मी भाव सांगितला आणि परत आलो.

देवापुढे दिवा लावताना त्याचं नाव घेतो. त्याला कुणाची हरकत नसावी.

तुझा,
तोतारामभाऊ


धुळे
३ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ यांस सा. नमस्कार.

मी मोठा माणूस झालो. मला तडीपारीची नोटीस आली.

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून वर्षभर हद्दपार का करू नये, याचं उत्तर द्यायचं आहे. सुनावणी २८ तारखेला प्रांतसाहेबांपुढे. नोटिशीतलं एक वाक्य उतरवून देतो : "सदर इसम दर शनिवारी कोणतीही घोषणा न देता उभा राहतो. तो काहीच बोलत नसल्याने त्याच्या मनात काय आहे हे समजून येत नाही व त्यामुळे नागरिकांत घबराट पसरते." मी दोनदा वाचलं. घोषणा दिल्या असत्या तर घबराट कमी झाली असती, असं दिसतं.

कॉलेजनेही खुलासा मागवलाय. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "सर, तुम्ही उभे राहता याला आमची हरकत नाही. पण बसून नाही का करता येणार?" स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. परवा एक सहकारी तिच्यावर चुकून बसले आणि पोळल्यासारखे उठले.

घरासमोर एक हवालदार बसवलाय, रतिलाल नाव. शिरपूरकडचा, अहिराणी बोलतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, मनी काय चूक? वरथून हुकूम शे. तुम्ही आज बाहेर जानार का नही तेवढं सांगा, म्हंजे मी जेवाले जास." मी त्याला आठवड्याचं वेळापत्रकच देऊन टाकलं. आता मला उशीर झाला की तोच बेल वाजवतो.

पुनमताई माझ्या वकील. त्या म्हणतात, तडीपार करायला नुसती नोटीस पुरत नाही. या माणसाची भीती वाटते, असं सांगणारे निदान दोन साक्षीदार लागतात. त्यांची नावं गुप्त राहतात, कारण ते घाबरलेले असतात. मला फक्त सारांश मिळतो.

तुम्ही मला लहानपणापासून बघताय. मी कुत्रं दिसलं की गल्ली बदलतो. मला घाबरणारी दोन माणसं या तीन जिल्ह्यांत पोलीस कुठून आणणार? सापडली तर मलाच त्यांना बघायचं आहे.

हसण्यावारी लिहितोय, पण भाऊ, मला जायचं नाहीये. मग आईकडे येता येणार नाही. तिच्या जिवाचं काही झालं तर यायलाही परवानगी मागावी लागेल. आणि मी गेलो की शनिवारची बाकीची माणसं किती दिवस टिकतील, सांगता येत नाही.

तुमचा,
लीलाधर


चिंचोरे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे सर्व क्षेम. केळीला पाणी चालू आहे. काकूचा गुडघा थंडीने धरला होता, आता बरा आहे. तुझ्या सुनंदावहिनीने केळीचे वेफर्स तळलेत, यावलचा कुणी धुळ्याला आला तर पाठवतो.

धुळ्याचे साहेब इकडे येऊन गेले. काही विशेष नाही. ओट्यावर बसले, शेवभाजी खाल्ली, तिखट लागली, पाणी प्याले. तुझी चौकशी केली. मी चांगलंच सांगितलं. ते म्हणाले, "पाटील, तुम्ही देवाधर्माचे. मनुदेवीची शपथ घेऊन खरं तेवढंच सांगा." आता मनुदेवीचं नाव घेतल्यावर मी खोटं कसं बोलणार? ते विचारत गेले, मी खरं तेच सांगत गेलो. त्यांच्याबरोबरचा माणूस लिहीत होता. खूप लिहीत होता. मी बोललो त्यापेक्षा त्याचं लिहिणं जास्त चाललं होतं.

खरं बोलल्याने कुणाचं वाईट होत नाही, असं मी आजवर धरून चाललो. कीर्तनातही तेच ऐकलं. खोटी साक्ष हे पाप. खरी साक्ष हे पाप कसं होईल? तरी त्या दिवसापासून वात लावताना रायसिंगचं नाव घ्यायचं राहून जातं. वय झालं असेल.

शनिवारचं रविवार करण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस.

तुझा,
तोतारामभाऊ


धुळे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ यांस सा. न.

वेफर्स मिळाले. अर्धे रतिलालने खाल्ले.

साक्षीदारांचे सारांश आले. तुम्हालाही वाचायला आवडतील, म्हणून उतरवून पाठवतो.

"साक्षीदार 'अ' : मी शेती करतो. सदर इसम गावी येणार असे समजले की मी घाबरून आदल्या दिवशीच मजुरांना पैसे देऊन टाकतो. गतवर्षी हरिनाम सप्ताहात काल्याच्या पंगतीवेळी सदर इसमाने काही न बोलता उभे राहून दहशत निर्माण केली व पाड्यावरील मजुरांना गावकऱ्यांच्या ओळीत बसवण्यास भाग पाडले. त्याच्यासमोर मला बोलता येत नाही. माझे नाव उघड झाल्यास मला तोंड दाखवता येणार नाही."

खाली पोलिसांनी शेरा मारलाय : मजुरांच्या नावाने खंडणी.

"साक्षीदार 'ब' : मी धुळे शहरात किराणा दुकान चालवतो. सदर इसम गावी येणार असे समजले की मी घाबरून..." पुढे सगळं तेच. पंगतसुद्धा तीच. धुळ्यातल्या किराणावाल्याला मी चिंचोऱ्याच्या पंगतीत घाबरवलं. पुनमताई म्हणाल्या, निदान दोन वेगवेगळे कागद तरी वापरले.

'ब' जगात नाही, त्याच्यावर राग धरता येत नाही. 'अ' मात्र आहे. भाऊ, चिंचोऱ्यात सप्ताह बसवणारी घरं किती आहेत? त्या पंगतीत मी उभा होतो, तेव्हा वाढायची बादली कुणाच्या हातात होती? मला आठवतं, त्या माणसाने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच पुढे होऊन रायसिंगला हाताला धरून ओळीत बसवलं आणि त्याच्या पानात दोनदा बुंदी वाढली. मी त्या दिवशी घरी येऊन कामिनीला म्हणालो होतो, आमच्या भाऊंसारखा माणूस नाही. तो घाबरला होता हे मला आता कागदावरून कळतंय.

मी रागावलेलो नाही. थोडा रागावलोय. शनिवारी उभा असताना आपली माणसं बाजूने निघून जातात, ते मी समजू शकतो. पण घरातलं माणूस 'अ' निघालं की पुठ्ठा जड लागतो.

शुक्रवारी सुनावणी. 'अ' चा जबाब राहिला तर मी गेलोच, असं पुनमताईंचं म्हणणं.

लीलाधर


चिंचोरे
२५ फेब्रुवारी २०२५

लीलाधर,

बस ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय, पोस्टाने उशीर होईल.

मी असं म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, "त्याच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही." त्यांनी त्यातलं 'खोटं' तेवढं काढून टाकलं. मजुरांचं खरं आहे. तू येणार म्हटलं की मी हिशेब चुकता करतो, कारण तू जेवताना सहज विचारतोस, "भाऊ, माणसांचे दिले ना?" आणि मग घास उतरत नाही. साहेबांनी विचारलं, "म्हणजे भीती वाटते?" मी म्हटलं, "वाटते की." देवाची वाटते तशी, हे मनात होतं. ते मनातच राहिलं.

वाचून दाखवल्यावर सही केली. नीट ऐकलं नाही. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं आणि सुनंदा आत दुसऱ्यांदा चहा टाकत होती.

नाव गुप्त राहील असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. याचंच जास्त वाईट वाटतं. शुक्रवारी पहाटेच्या गाडीने निघतो. प्रांतसाहेबांपुढे उभा राहून सांगतो की 'अ' मीच, आणि मला याची भीती वाटत नाही. मग तर प्रश्नच मिटला. घाबरलेला साक्षीदारच घाबरला नाही म्हटल्यावर ते तरी काय करतील?

काकूला सांगितलंय, लीलाधरचा मोबाईल दुरुस्त करायला जातो.

तोतारामभाऊ


बऱ्हाणपूर
२० मार्च २०२५

ती. भाऊ यांस सा. न.

पत्ता बघून कळलंच असेल. आता मध्य प्रदेशात आहे. रावेर ओलांडलं की तासाभराचाही रस्ता नाही. हद्दीच्या पाटीच्या एका बाजूला मी समाजाला धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला भाडेकरू. घरमालकाने फक्त विचारलं, मांसमच्छी करता का.

त्या दिवशी तुम्ही मोठ्याने बोललात ते मी विसरणार नाही. एवढा आवाज तुम्ही भजनातसुद्धा लावत नाही. शिपाई चहाचा ट्रे घेऊन जागीच थांबला होता. मला वाटलं, आपण जिंकलो. पुनमताईंनी माझा हात दाबला.

आदेशाची प्रत परवा हाती आली. शब्द न् शब्द देतो :

"साक्षीदार 'अ' हे सुनावणीस स्वतः हजर राहिले व 'मला सदर इसमाची भीती वाटत नाही' असे त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले. ज्या साक्षीदाराने आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, त्यालाच प्रवास करून येऊन सदर इसमाच्या समक्ष जबाब फिरवावा लागला, यावरून सदर इसमाची दहशत किती खोलवर आहे हे दिसून येते. साक्षीदार 'ब' हे हजर राहिले नाहीत. यावरूनही दहशत दिसून येते."

भाऊ, तुम्ही आला नसतात तर तुम्ही घाबरलेले. आलात तर जास्त घाबरलेले. मी पुठ्ठा धरला तर दहशत, खाली ठेवला तर कट. एवढ्या बाजूंनी बंद केलेलं दार मी पाहिलं नव्हतं. पुनमताई अपील करताहेत. त्या म्हणतात, वरच्या पायरीवर हा कागद वाचून कुणीतरी हसेल आणि काम होईल. हसणारा माणूस तिथे असायला हवा.

हद्दीपर्यंत मला सोडायला रतिलाल होता. उतरताना म्हणाला, "तुमना घरम्होरे सावली व्हती, सर. आते मले चौकमां उभं करतीन." मी त्याला टोपी घालत जा म्हणून सांगितलं.

कामिनी नोकरीसाठी धुळ्यातच आहे. कॉलेजने पगार थांबवलाय, कारण मी कामावर हजर राहत नाही. शनिवारी आता ती आणि पुनमताई उभ्या राहतात. बाकीच्यांतले दोघं अजून येतात. दोघं येत नाहीत.

आईला काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा. मला सुचत नाही.

तुमचा,
लीलाधर


चिंचोरे
१७ एप्रिल २०२५

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

काकूला खरं सांगितलं. सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्या मानसाच्या बायकोले कोनी जेवाले घालतं का नही?" सुनंदा आता एक दिवसाआड पाड्यावर जाते. सोमवारी काकूला घेऊन बऱ्हाणपूरला येतोय. ऊन फार आहे, पण तिने पिशवी कालच भरली.

माझं पोलीस पाटीलपण काढून घेतलं. कारण लिहिलंय, "जबाबात सातत्य नाही." काही वाटलं नाही. गायी हरवायच्या त्या हरवतीलच.

आता मंगळवारी काय झालं ते सांगतो. तेच धुळ्याचे साहेब जीप घेऊन दारात. मला वाटलं, शेवभाजी आठवली. ओट्यावर बसून म्हणाले, "पाटील, तुमच्यावर एक प्रकरण तयार करायचंय. तुम्ही सुनावणीत आरडाओरडा केला. गावातली दोन माणसं सांगा, तुम्हाला घाबरणारी."

मी म्हटलं, "साहेब, हे मीच शोधू?"

"नवा पोलीस पाटील अजून नेमलेला नाही. गाव तुम्हाला माहीत."

इतक्या वर्षांची सवय. मी चप्पल घातली आणि त्यांना घेऊन निघालो. लीला, खरं सांगतो, दारोदार फिरलो. झुलालच्या दारात गेलो. "झुलालभाऊ, तू मला घाबरतोस का?" तो म्हणे, "तुला? तुझी म्हैस माझ्या बागेत शिरते तेव्हा तुझ्या म्हशीला घाबरतो." साहेबांनी म्हशीचं लिहून घेतलं, मग खोडलं. समाधानच्या चक्कीवर गेलो, तिथल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझ्या घरात सुनंदाला विचारलं, तर ती दाराला धरून खाली बसली, इतकी हसली. शेवटी काकू म्हणाली, "साहेब, मी घाबरते, माझं नाव लिखा. हा फटफटी लय जोरात चालवतो." तेवढं एक लिहिण्यासारखं होतं, पण वाहतुकीचं खातं वेगळं पडतं.

परत ओट्यावर आलो. साहेब घामाघूम. सुनंदाने चहा दिला. मी समोर बसलो. का कोण जाणे, मनुदेवीची शपथ घेऊन सांगतो, ठरवलं काहीच नव्हतं. सहज विचारावं तसं विचारलं. तू जेवताना विचारतोस ना, तसं.

"साहेब, रायसिंग कुठे आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. भरलेला. मी नुसता बघत राहिलो. त्यांनी केळीचा भाव विचारला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पेन खिशात घालायला गेले, खिसा सापडेना. ड्रायव्हरला हाक मारली ती फार मोठ्याने मारली. जीप पार वळणाला जाईपर्यंत मी त्यांचा चेहरा आठवत होतो. असा चेहरा मी आरशात पाहिलाय, तू येणार असल्याच्या आदल्या दिवशी.

म्हणजे एक साक्षीदार तर मिळाला. दुसऱ्यासाठी उद्या सकाळी पूजा उरकून ठाण्यात जाणार आहे.

तुझा,
तोतारामभाऊ